मानाचा ठोका

"बाई, हात वर करा. तो नाही, दुसरा."

मी डावा वर केला होता. तोच आहे म्हणून तोच वर केला. पण त्यांना दुसरा हवा होता.

कंपनीचा सुरक्षा सप्ताह चालू होता. शेडमागच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. कामगार खाली सतरंजीवर बसले होते. खुर्च्यांवर मोठ्या कंपनीचे पाहुणे. ती कंपनी गाड्या बनवते. आम्ही चाकणच्या अलीकडे, कुरुळीला, पत्रा दाबून त्या गाड्यांचे ब्रॅकेट बनवायचो. पाहुणे खूश तर ऑर्डर. म्हणून मांडव, म्हणून फुलं, म्हणून स्टेजवर मी.

उजवा हात मी पदराखाली धरला होता. मनगटाच्या वरच संपतो तो. प्लांट हेड पुढे आले. त्यांनी माझा पदर बाजूला केला, कोपराला धरलं आणि हात वर उचलला. बाजारात कोंबडीचा पंख धरून दाखवतात, तसा.

"बघा रे सगळे. नीट बघा. निष्काळजीपणा केला की काय होतं ते."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. पाहुण्यांनी फोटो काढायला फोन वर केले. मी कुठे बघावं ते मला कळेना. मांडवाच्या कापडाला एक ठिगळ होतं, त्याच्याकडे बघत राहिले.

"आता पाहुण्यांना इंग्लिशमध्ये सांगा," प्लांट हेड माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाले. काय सांगायचं ते आदल्या दिवशीच पढवलं होतं.

मी सांगितलं. स्वच्छ उच्चारात, वाक्य न तोडता. इट वॉज माय मिस्टेक.

पाहुण्यांपैकी एकजण आमच्या मालकांना म्हणाले, "बाई इंग्लिश फारच छान बोलतात हो." मालकांना सगळे दादा म्हणतात. दादा हसले. "मग! शो-पीस आहे आमच्या कंपनीचा."

रेवा, ओम, तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलंय की आजीचा अ‍ॅक्सिडेंट झाला. तुमच्या आईची यात चूक नाही. तिला मीच तसं सांगितलं होतं. परवा व्हिडिओ कॉलवर ओमनं विचारलं, "आजी, तू लक्ष का नाही दिलंस?" तेव्हापासून मी घरात येरझाऱ्या घालतेय. चहा ठेवते आणि गॅस लावायचा विसरते. म्हणून हे लिहितेय. डाव्या हातानं लिहिते, अक्षर वाकडं येईल. मजकूर वाकडा नाही.

माझे वडील उदगीरला शाळेत शिपाई होते. घंटा वाजवायचे, पाणी भरायचे. हेडमास्तर त्यांना नावानं कधी हाक मारत नसत. नुसतं "ए". वडिलांनी मला इंग्रजी शिकायला लावलं. म्हणायचे, "साहेब ज्या भाषेत शिव्या देतो ती शिकून घे. निदान कळंल तरी काय म्हणतोय." मी बी.ए. झाले, इंग्रजी घेऊन. आमच्या गल्लीतून पहिली. लग्न होऊन कासारवाडीला आले, तुमचे आजोबा पिंपरीत टर्नर होते. मी शिकवण्या घ्यायची. त्यांची कंपनी बंद पडली, पुढे तेही गेले. तुमची आई तोवर तिकडे परदेशात स्थिरावली होती. मला हात पसरायचा नव्हता, तिच्यापुढेसुद्धा. म्हणून दादांच्या कंपनीत इन्स्पेक्शनला लागले. मोठ्या कंपनीची ड्रॉइंग्ज इंग्रजीत असायची, ती मी वाचायची. पीस मापात आहे का बघायचं, नसला तर परत पाठवायचा. माझं टेबल लखलखीत असायचं. ऑफिसात मला बाई म्हणायचे, पोरं काकू म्हणायची. मला ते काम आवडायचं. हे मुद्दाम लिहिते. मला ते काम फार आवडायचं.

आता प्रेस म्हणजे काय ते समजून घ्या. खाली लोखंडाचा साचा, त्याला डाय म्हणतात. वरून एक जाड लोखंडी ठोकळा खाली येतो. मध्ये पत्रा ठेवायचा. ठोकळा आला की पत्र्याचा ब्रॅकेट होतो. मध्ये काहीही असलं तरी त्याचं काहीतरी होतंच. लोखंडाला पत्रा आणि हात यातला फरक कळत नाही. म्हणून माणसानं तो फरक मशीनला शिकवून ठेवलाय. दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे तेवढा वेळ दोन्ही हात बटणांवर, मशीनबाहेर. शिवाय तोंडापाशी दोन उभे खांब असतात, त्यांच्यामध्ये न दिसणारा उजेडाचा पडदा. त्यात बोट गेलं तरी मशीन जागच्या जागी थिजते. आम्ही त्याला नुसतं सेन्सर म्हणायचो. त्या सेन्सरवर माझा विश्वास होता. घराच्या भिंतीवर असतो तसा. भिंत पडेल का, असं रोज कुणी तपासत नाही.

दसऱ्यानंतर कंपनी उघडली ती सकाळ. माझ्या टेबलावर जे ब्रॅकेट आले त्यांवर बारीक खड्डे होते. मी एक पीस घेऊन थेट प्रेसवर गेले. प्रेसवर गणेश होता. परभणीचा, हसरा. प्रेसला खंडेनवमीचा झेंडूचा हार अजून तसाच होता. वाळायला लागलेला. पाकळ्या गळून डायवर पडत होत्या आणि पत्र्यावर त्यांची खूण उठत होती.

"काकू, बघा की, झेंडूनं डिझाइन काढलंय. फुकटात," गणेश म्हणाला.

"मोठ्या कंपनीला सांग तसं. पाय काढ, मी पाकळ्या काढते."

"काढला, काकू."

पाय कशाला? बटणं असताना पायाचा काय संबंध? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. गणेश बटणांऐवजी पायडलवर, म्हणजे पायानं दाबून, काम करत होता. मला वाटलं, सुपरवायझरनं सांगितलं असेल. पाकळ्या काढायला लांब चिमटा असतो. तो स्टोअरमध्ये कुलपात होता. पोरं हरवतात म्हणून. मी हात घातला. सेन्सर आहे, आपोआप थांबेल.

मागून सुपरवायझर ओरडला, "गण्या, गप्पा हाणतोय का पीस काढतोय?"

गणेश दचकून वळला. त्याचा पाय पायडलवर पडला.

आवाज मोठा नव्हता. रोजचाच आवाज. दिवसभर ऐकायचो तोच.

पुढचं मला तुकड्या तुकड्यानं आठवतं. कुणीतरी प्रथमोपचाराची पेटी उघडली, तिच्यात पूजेच्या उदबत्तीचे पुडे होते. कुणीतरी कॅन्टीनमधून बर्फ आणला आणि जे उरलं होतं ते थेट बर्फात टाकलं. डॉक्टर नंतर म्हणाले, चिरडलेला हात जोडता येत नाही, त्यामुळे इथे फरक पडला नसता. पण कापलेलं बोट किंवा हात असा बर्फात टाकायचा नाही. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, पिशवीत बांधायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. एवढं आमच्या शेडमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. दोन भाषा येणाऱ्या बाईला.

हॉस्पिटलमध्ये प्लांट हेड आले. सफरचंदं घेऊन. स्टूल ओढून बसले.

"बाई, तुम्ही सुशिक्षित. इंग्लिश वाचता. मशीनवर डेंजर लिहिलंय, ते नाही वाचलंत?"

"सेन्सर का नाही थांबला?" मी विचारलं.

"मशीन आहे हो. होतं कधी कधी. पण हात कुणी घातला?"

हात मीच घातला होता. ते हा प्रश्न विचारत राहिले. दादांनी विचारला. सुपरवायझरनं विचारला. चौकशीला आलेल्या माणसानं विचारला. हात कुणी घातला? शेवटी मी झोपेतसुद्धा उत्तर द्यायला लागले, मी घातला, मी घातला. गणेश एकदा येऊन पायाशी उभा राहिला. "काकू, माझा पाय..." एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "नाही रे, चूक माझीच." त्याला कामावरून काढलं. तो परभणीला गेला. माझ्या तोंडचं ते वाक्य बरोबर घेऊन गेला.

मला मात्र ठेवलं. बघा, मुलांनो, केवढं औदार्य. गेटजवळ एक खुर्ची दिली. पाहुणे आले की उठून उभं राहायचं, इंग्लिशमध्ये स्वागत करायचं, सुरक्षेची प्रतिज्ञा म्हणायची आणि हात दाखवायचा. दादा येता-जाता म्हणायचे, "काय बाई, बरं चाललंय ना? दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं." मी म्हणायची, हो दादा.

त्या खुर्चीत मला बसवत नसे. नसलेल्या हाताला खाज सुटायची. बोटं नाहीत आणि बोटांच्या बेचक्यात आग. मी उठायची, गेटपर्यंत जायची, परत यायची. वॉचमन म्हणायचा, "बाई, बसा की जरा, तुम्हाला बघून मला चक्कर येतीय."

गणेशच्या जागी दादांनी प्रेसवर मुली घ्यायला सुरुवात केली. मुली तंबाखू मळायला जात नाहीत, उलट बोलत नाहीत. त्या प्रेसवर रंजना आली. वाशिमकडची, कंत्राटावर. कुरुळीत एका खोलीत राहायची. नवरा दुसऱ्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला, मुलगी बालवाडीत. ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यायची. एका हातानं वेणी घालता येत नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनंच ओळखलं. मागे उभी राहायची आणि न विचारता केस सोडायची.

"काकू, केस किती मऊ हायेत. इंग्लिश शॅम्पू का?"

"रिठा."

"मंग इंग्लिश रिठा असंल."

पत्र्यानं तिची बोटं खरखरीत झाली होती. केसात अडकायची. ती बोटं डोक्यावरून फिरायला लागली की माझी खाज थांबायची. आणि लगेच दुसरं काहीतरी सुरू व्हायचं. ही बोटं आता परत त्या प्रेसपाशी जाणार. सेन्सरला होतं कधी कधी. कधी म्हणजे कधी?

खंडेनवमी परत आली.

दादांचे वडील, आप्पा. या भागातलं जुनं घराणं. शेती कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर दादांनी ही कंपनी काढली. आप्पा पांढरी टोपी घालून शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. पोरांना गूळ-शेंगदाणे द्यायचे. दुष्ट माणूस नव्हे. पूर्वी ते खंडेनवमीला नांगर-विळ्याची पूजा करायचे, आता मशीनची करतात. पूजा झाली की प्रेसवरचा पहिला पीस आप्पांनी स्वतः काढायचा. त्याला मानाचा ठोका म्हणत. तो ब्रॅकेट हळद-कुंकू लावून देवीपुढे ठेवायचा. हे मला ऐकून माहीत होतं. आम्हा इन्स्पेक्शनवाल्या बायकांची पूजा वेगळी असायची, प्रसाद बांधायचं काम आमच्याकडे. प्रेसची पूजा मी कधी पाहिली नव्हती.

त्या वर्षी आप्पांनी मला बोलावून घेतलं.

"त्या मशिनीनं रगत चाखलंय," ते दादांना म्हणाले, माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखे. "तिला शांत केली पायजे. वटी भरा तिची. जिचा हात घेतला तिच्याच हातनं. कुंकू न्हाई तिला, पर चालंल. मशिनीनं तिलाच धरलंय न्हवं."

दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, म्हाताऱ्याचं मन राखा. जरा माफी मागितल्यासारखं करायचं, झालं."

मशीनची माफी. मी मागायची.

मी हो म्हटलं. हो म्हणायची सवय लागली होती. घरी येऊन ताटात खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ निवडले. एकेक खडा बाजूला काढला. नीटनेटकी बाई ना मी. अपमानाची तयारीसुद्धा नीट केली.

प्रेस धुऊन पुसून चकचकीत केला होता. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत झेंडूचा जाड हार. दाराला तोरण बांधतात तसा, बरोबर मशीनच्या तोंडावर. रंजना नवी साडी नेसून बाजूला उभी. सुट्टीनंतर परत ते मशीन तिचंच.

"माझ्या लग्नात मला एवढी फुलं नव्हती, काकू," ती कानात म्हणाली.

आप्पा पुढे आले. आरती झाली. त्यांनी बटणं दाबायला हात उचलले. एक खांदा त्यांचा आखडलेला, तो हात पोचेना. कुणीतरी दुसरं बटण दाबलं. मशीन हललं नाही. वर लाल दिवा लागला. आत हार होता. उजेडाच्या पडद्यात हार. सेन्सरनं मशीन थांबवलं होतं. अगदी बरोबर थांबवलं होतं.

"आप्पा, मशीन रुसली जणू," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"एक मिनिट," प्लांट हेड म्हणाले. त्यांनी खिशातून एक छोटी चावी काढली, पॅनलला लावली आणि फिरवली. सेन्सर बंद झाल्याचा दिवा लागला. पिवळा. झेंडूच्या ढिगात पिवळा दिवा, मुद्दाम बघितल्याशिवाय दिसणार नाही. मग त्यांनी दुसरा स्विच बटणांवरून पायडलवर टाकला. "आप्पा, आता नुसता पाय ठेवा."

आप्पांनी पाय ठेवला. ठोका. ब्रॅकेट. हळद-कुंकू. टाळ्या.

मी पॅनलपाशी गेले.

"साहेब," मी विचारलं, "चावी परत कधी फिरवता?"

"हार आहे तोवर कशी फिरवणार? मशीन चालणारच नाही." ते सहज बोलत होते. हसून. "आप्पांच्या घरची रीत आहे, कोजागरीपर्यंत हाराला हात लावायचा नाही. दरवर्षीचंच आहे हे."

दरवर्षीचंच.

"मागच्या वर्षी पण?"

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा चेहऱ्याकडे. मग उजव्या बाहीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वाचलं. त्यांना माहीत होतं. सफरचंदं घेऊन आले तेव्हा माहीत होतं. मांडवात माझं कोपर धरलं तेव्हा माहीत होतं.

"बाई, ओटी भरा. आप्पा थांबलेत," ते म्हणाले.

हात कुणी घातला, हा प्रश्न वर्षभर विचारला गेला. चावी कुणी फिरवली, हा एकदाही नाही. आणि मी, शिकलेली, मीसुद्धा तो विचारला नव्हता. चोर घरातच बसून माझी चौकशी करत होता आणि मी त्याला मान हलवून दाद देत होते.

मी ताट खाली ठेवलं.

"मी ओटी भरणार नाही."

"आँ?" आप्पा.

मी लाल बटण दाबलं, मशीन बंद केलं. मग हार धरला. सुतळीत ओवलेला, जाड. एका हातानं तुटेना. मी उरलेल्या उजव्या हाताच्या वेढ्यात तो अडकवला आणि अंगाचा भार टाकून ओढला. तुटला. झेंडू सगळ्या शेडभर.

"आगं, आगं! हाराला हात लावू नगंस!"

"आप्पा, देवीला हार घाला. मशीनच्या तोंडाला नको."

पॅनलवरची चावी मी उलटी फिरवली, पिवळा दिवा विझला. स्विच बटणांवर टाकला. चावी काढली आणि पोलक्यात खोचली.

"बाई, चावी द्या," प्लांट हेडनी हात पुढे केला.

"घ्या की."

त्यांचा हात हवेत राहिला. मग मागे गेला. मागून बायकांमधून हसू फुटलं. दाबलेलं, पण फुटलं.

दादांचा आवाज चढला. "बाई, वर्षभर बसवून खायला घातलं तुम्हाला! असे पांग फेडता?"

"दादा, माझा हात माझ्या चुकीनं गेला नाही. या चावीनं गेला. सगळ्यांना सांगते. मांडवात मी पाहुण्यांना खोटं सांगितलं. गणेशला सांगितलं ते पण खोटं. त्याचा पाय पडला, पण सेन्सर चालू असता तर ठोका आलाच नसता. बटणांवर काम असतं तर पायाचा प्रश्नच नव्हता. सुट्टीनंतर इथे रंजना उभी राहणार आहे. बघा तिचे हात. नीट बघा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे रंजनाच्या हातांकडे बघत होते. तिनं ते साडीत लपवले.

"उद्यापासून येऊ नका," दादा म्हणाले.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि रंजनाचा फोन आला. घाबरलेली. "काकू, नवा हार लावलाय. दुसरी चावी पण काढली. मी काय करू?"

तिला नोकरी सोड म्हणणं सोपं होतं, माझं काय जात होतं? मी म्हटलं, "हात लावू नको. बोटाएवढी जाड, लांब काडी घे, मशीनच्या तोंडात धर. तू लांब उभी राहा, मग पायडल दाब. मशीन थांबलं तर काम कर. काडी तुटली तर तिथं उभी राहू नको."

थोड्या वेळानं परत फोन. "काडी तुटली, काकू."

"मग?"

"मी मागं सरले. सुपरवायझर म्हणला, तुला काकूनं शिकवलं का? म्हणलं, काडीनं शिकवलं."

तिला पॅकिंगला टाकलं. शिक्षा म्हणून. प्रेसवर दुसरी बाई उभी केली. तिनंही काडी धरली. तिसरी आली, तिनंही. हार वाळला होता म्हणून काढला, असं दादांनी मग सगळ्यांना सांगितलं. कोजागरी यायची होती अजून.

मी सरकारी कारखाना निरीक्षकांकडे तक्रार केली. मराठीत आणि इंग्रजीत. ते आले, आधी फोन करून. त्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं. बटणं, सेन्सर, चिमटासुद्धा. कंपनीत सगळं व्यवस्थित आहे, असं मला कळवण्यात आलं. मी परत तक्रार केली. परत करीन.

आता दर रविवारी मी कुरुळीला रंजनाच्या खोलीत जाते. बायका जमतात, वेगवेगळ्या कंपन्यांतल्या. सुरुवातीला बोलत नव्हत्या. आता थांबत नाहीत. एकीच्या कंपनीत दोन बटणांपैकी एक कायमचं दाबून वर रबर बांधलाय, काम वेगानं व्हावं म्हणून. एकीच्या इथे फिरत्या ड्रिलवर हातमोजे घालायला लावतात. मोजा ड्रिलमध्ये गुंतला की आतला हातही जातो. एकजण म्हणाली, अडकलेला पत्रा काढायचा असेल तर मशीन बंद करतो, पण स्विच भिंतीवर, कुणीही येऊन चालू करतं. तिला मी सांगितलं, स्विचला कुलूप घालायचं आणि किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात. दुसऱ्या कुणाच्या नाही, साहेबाच्या तर नाहीच. एक म्हातारी म्हणाली, "बाई, हे सगळं मशीन बनवणाऱ्यानं आधीच दिलेलं असतंय ना?" हो. आधीच दिलेलं असतं. ते काढायला कुणाला तरी खिशातून चावी बाहेर काढावी लागते. त्याला अपघात म्हणत नाहीत.

झेंडूवर माझा राग नाही. मी अजून दसऱ्याला दाराला तोरण लावते. देवीवर तर नाहीच.

तुमची आई म्हणते, "आई, आता पुरे. इकडे ये, आराम कर." दसऱ्याचं तिकीट काढायचं म्हणते. मी येणार नाही. नंतर येईन, तुम्हाला भेटायला येईनच. पण दसऱ्याला नाही.

दादांचा निरोप आलाय रंजनाकडे. "बाईंना म्हणावं, मागचं विसरू. परत या, खुर्ची आहे. पण आमच्या घरच्या प्रथेत तोंड घालायचं नाही." आप्पा म्हणालेत म्हणे, मानाचा ठोका मोडला तर घराण्याला अपशकुन होईल.

रंजनाला परत प्रेसवर घेतलंय. दुसऱ्या कुणी तयार नाही. आणि तिला नोकरी हवीच आहे.

आम्ही उलट निरोप पाठवलाय. पूजेच्या दिवशी मशीनचा मुख्य स्विच बंद राहील, त्याला कुलूप असेल आणि किल्ली रंजनाच्या कमरेला. फुलं हवी तेवढी वाहा. आप्पांनी नारळ फोडावा, पहिला मान त्यांचा, आम्ही पाया पडू. सुट्टीनंतर शिफ्ट सुरू होण्याआधी हार उतरलेला असेल आणि सेन्सरमध्ये काडी धरून बघितली जाईल, सगळ्यांसमोर. हे मान्य नसेल तर त्या प्रेसवर एकही बाई उभी राहणार नाही. पॅकिंगच्या बायकाही बाहेर येतील. त्यांनी माझ्यासमोर कबूल केलंय. मी गेटवर असेन, आत घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी.

दादांनी अजून उत्तर दिलेलं नाही. देतील, न देतील.

पूजा होईल. मानाचा ठोका होणार नाही.